शेव एक, भाज्या तीन

मराठी माणूस सुरतेत दोनदा आला. पहिल्यांदा जानेवारी १६६४ मध्ये, शिवाजी महाराजांबरोबर घोड्यावरून, आणि जाताना शहरातलं सोनंनाणं घेऊन गेला. (१६७० साली तो पुन्हा येऊन गेला, पण ते त्याच खात्यात धरायला हरकत नाही.) दुसऱ्यांदा आला तो विसाव्या शतकात, ताप्ती व्हॅली रेल्वेच्या पॅसेंजरमधून, पत्र्याची पेटी आणि भाकरीचं गाठोडं घेऊन. या खेपेला तो परत गेला नाही. यंत्रमागावर उभा राहिला, डाइंगच्या कारखान्यात राबला, कापड बाजारात गठ्ठे उचलले, मग भाड्याची खोली, मग घर. पेटीतून त्याने जे थोडंफार सामान आणलं त्यात घरी कांडलेला काळा मसाला होता.

त्या मसाल्याचा वास आज घ्यायचा तर पर्वत पाटियाला जावं. सुरत शहराच्या आग्नेय अंगाला, कडोदऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा हा भाग. एका बाजूला लिंबायत, गोडादरा, डिंडोली अशा कामगारांच्या दाट वस्त्या. दुसऱ्या बाजूला पुणा-कुंभारिया रस्ता आणि सारोलीकडे पसरत गेलेल्या नव्या कापड मार्केटांच्या इमारती. साड्यांच्या पार्सलांनी लादलेले टेम्पो दिवसभर इथून जातात. संध्याकाळी मार्केट सुटलं की त्याच रस्त्याच्या कडेला गाड्या लागतात आणि खाण्याचा बाजार सुरू होतो. इथे कुणी पर्यटक येत नाही. सुरतच्या खाण्याबद्दल लिहिणारे अठवा, पिपलोद, डुमसचा रस्ता एवढ्यावरच थांबतात, आणि त्यात त्यांचं नुकसान होतं.

कारण हे शहर मुळात बाहेरून आलेल्यांनी भरलेलं आहे. १९६१ च्या जनगणनेत सुरतची लोकसंख्या तीन लाखांच्या आत होती. २०११ साली ती ४४ लाखांच्या पुढे गेली. एवढी माणसं काही पाळण्यातून आली नाहीत. सौराष्ट्रातले पाटीदार हिऱ्यांना पैलू पाडायला आले आणि वराछा-कतारगामला राहिले. ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातून मागावरचे कामगार आले. राजस्थानातून कापडाचे व्यापारी आले. आणि धुळे-जळगाव-नंदुरबारकडून खानदेशी आले, कारण सुरतच्या उधन्याहून निघालेली रेल्वे बारडोली, व्यारा, सोनगढ, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर करत थेट जळगावला पोचते. या वाटेवरचं नवापूर स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. त्यामुळे अहिराणी बोलणाऱ्या माणसाला मुंबई-पुण्यापेक्षा सुरत जवळची. आज लिंबायतचा परिसर ज्या नवसारी लोकसभा मतदारसंघात येतो तिथले २००९ पासूनचे खासदार सी. आर. पाटील हे जन्माने जळगाव जिल्ह्यातले. राजकारणात ही गोष्ट सगळ्यांना दिसली. ताटातली मात्र अजून कुणी नीट पाहिलेली नाही.

पर्वत पाटियाच्या फरसाणाच्या दुकानात ‘भाजीसाठी शेव द्या’ असं म्हटलं की गोष्ट तिथेच संपत नाही. कोणाच्या भाजीसाठी, हा प्रश्न उरतोच. कारण शेवेची भाजी इथे तीन घरी तीन तऱ्हेने होते. काठेवाडी माणसाचं सेव-टमेटानं शाक: तेलात लसूण-मिरचीचं वाटण, भरपूर टोमॅटो, चवीपुरता गूळ, आणि वरून शेव, रस पातळसर आणि आंबटगोड. राजस्थानी घरात टोमॅटोचाच रस्सा, पण गूळ नाही, तिखट जास्त, कधी दह्याचा हात. आणि खानदेशी शेवभाजी. तिच्यात टोमॅटो असला तरी पाहुणा. कांदा आणि सुकं खोबरं तव्यावर काळपट होईपर्यंत भाजायचं, आलं-लसूण-कोथिंबिरीबरोबर वाटायचं, तेल सुटेपर्यंत परतायचं, काळा मसाला घालायचा आणि पाणी ओतून रस्सा खळखळू द्यायचा. तर्री वर आली की झालं. शेव अगदी शेवटी, ताटात वाढताना. ही शेव जाड, ओव्याची, तिखट आणि टणक हवी. लोचो नावाच्या सुरती पदार्थावर भुरभुरतात ती बारीक पिवळी शेव या रश्श्यात टाकली तर दोन मिनिटांत तिचं पिठलं होतं. म्हणून खानदेशी बाई शेव बोटांनी मोडून पाहते आणि मगच वजन करायला सांगते.

तीन भाज्यांना लागणारा कच्चा माल जवळजवळ एकच, डाळीचं पीठ. वेगळं आहे ते मागचं गाव. पाणी कमी आणि भाजीपाला महाग अशा प्रदेशांत तळलेलं बेसन डब्यात महिनाभर टिकतं आणि वेळेला भाजीच्या जागी उभं राहतं. काठेवाड, मारवाड आणि खानदेश या तिन्ही कोरड्या मुलखांनी ही युक्ती आपापल्या परीने काढली. ते तिघे सुरतेला येऊन एकाच गल्लीत शेजारी होतील, हे मात्र कापडामुळे आणि हिऱ्यांमुळे घडलं.

‘सुरतचं जेवण आणि काशीचं मरण’ ही म्हण गुजरातीत जुनी आहे आणि सुरती माणूस ती पहिल्या पाच मिनिटांत ऐकवतो. पण ज्या पदार्थांच्या जिवावर तो ती ऐकवतो त्यांची कुळकथा काढली की बरेचसे परगावचे निघतात. नानखटाई घ्या. इंग्रजांच्या मागोमाग, १६१६ च्या सुमारास डचांनी सुरतेत वखार घातली. वखारीतल्या गोऱ्यांना पाव लागे, तो भाजायला भट्टी आली, भट्टीवर काम करायला पारशी आले. १८२४ च्या इंग्रज-डच करारानंतर डचांनी गाशा गुंडाळला आणि भट्टी फरामजी पेस्तनजी दोटीवाला यांच्याकडे आली, अशी कथा सुरतेत सांगितली जाते. पुढचा भाग जास्त मजेदार आहे. गिऱ्हाईक गेलं, पाव उरू लागले. त्यांत आंबवण्यासाठी ताडी असल्याने ते नासत नसत, नुसते वाळत. ते वाळके पाव स्वस्तात विकले जाऊ लागले आणि चहात बुडवून खायचा सुरती बटर, म्हणजे फरमास बतासा, जन्माला आला. अंडं आणि ताडी चालत नाही अशा गिऱ्हाइकासाठी ती वगळून केलेली नानखटाई त्याच भट्टीतली. दोटीवालांची बेकरी आजही चालू आहे.

याच डच कंपनीची दुसरी एक वखार चीनच्या किनाऱ्यासमोरच्या बेटावर होती. १६२४ साली त्यांनी तैवानच्या नैर्ऋत्येला, आजच्या ताइनान शहराजवळ, झीलांडिया नावाचा किल्ला बांधायला घेतला आणि १६६२ साली चिनी सरदार कोशिंगा याने त्यांना तिथून हुसकलं. सुरत आणि तैवान, दोन्ही ठाणी कंपनीच्या बटाव्हियातल्या मुख्यालयाला हिशेब पाठवत. त्यानंतर तैवानवर जे आले ते सगळे काही ना काही शिजवून गेले. समोरच्या फुजियान किनाऱ्यावरून आलेल्यांनी कालवांचं आम्लेट आणि भातावरचं डुकराचं मांस आणलं. १८९५ ते १९४५ जपानी राजवट होती. रेल्वे स्टेशनवर मिळणारे जेवणाचे डबे हा त्या काळाचा वारसा. १९४९ मध्ये चीनमधल्या यादवी युद्धात हरलेलं सैन्य बायकामुलांसह बेटावर उतरलं. चीनच्या वेगवेगळ्या प्रांतांतल्या त्या लाखो माणसांना कोंदट वसाहतींत एकमेकांच्या भिंतीला भिंत लावून राहावं लागलं. तिथे सिचुआनच्या तिखट डाळ-मिरचीच्या पेस्टमध्ये शिजलेलं गोमांस आणि अमेरिकेच्या मदतीतून आलेल्या गव्हाच्या शेवया एकत्र आल्या. नांगराच्या बैलाचं मांस खाणं गैर मानणारे जुने तैवानी शेतकरी सुरुवातीला लांबच राहिले. आज गोमांसाच्या शेवयांचा हा वाडगा तैवानचा राष्ट्रीय पदार्थ म्हणून मिरवतो, तैपेईत त्याच्या स्पर्धा भरतात, आणि सिचुआनमधल्या माणसाला तो नेमका त्याच रूपात घरी सापडत नाही.

सुरतेतही हेच चालतं. माणूस पोटासाठी येतो, येताना पदार्थ आणतो, इथे सामान जुळत नाही म्हणून तो बदलतो, शेजारी चाखतो आणि आपल्या चवीला वळवतो. चाळीस-पन्नास वर्षांनी त्याच्यामागे ‘सुरती’ लागतं. तैवानने आपल्या रात्रबाजारांतून ही गोष्ट जगाला विकली. सुरतने विकली नाही, कारण सुरतला विकायला साड्या होत्या.

सगळ्यात लांबून आलेला पदार्थ तापीच्या पलीकडे, रांदेरला आहे. रांदेर हे सुरतच्याही आधीचं बंदर. पोर्तुगीज प्रवासी दुआर्ते बार्बोसा याने सोळाव्या शतकाच्या सुरुवातीलाच लिहून ठेवलं आहे की इथले मुसलमान व्यापारी श्रीमंत आहेत आणि मलाक्का, बंगाल, पेगूशी व्यापार करतात. पेगू आजच्या म्यानमारमध्ये येतं. १५३० साली पोर्तुगीजांनीच रांदेर आणि सुरत जाळलं, पण ब्रह्मदेशाचा धागा तुटला नाही. इंग्रजी अमलात रंगूनमध्ये या सुरती व्यापाऱ्यांचा एवढा जम बसला की तिथल्या मोठ्या बाजाराचं नावच सुरती बाजार पडलं. १९४२ मध्ये जपानी फौजा आल्या तेव्हा लाखो भारतीय जीव मुठीत धरून परतले. उरलेल्यांपैकी अनेकांना १९६२ नंतर जनरल ने विन याच्या लष्करी राजवटीने दुकानं सरकारजमा करून बाहेर काढलं. रांदेरला परतलेल्या कुटुंबांच्या हातात फारसं काही नव्हतं. पण नारळाच्या दुधात शेवया शिजवायचा तो ब्रह्मी प्रकार त्यांच्या बायकांना येत होता.

त्याला आता सुरतेत ‘खावसा’ म्हणतात. रमजानच्या रात्री रांदेरच्या रस्त्यांवर गाड्या लागतात तेव्हा त्याला खरा जोर चढतो. वाडग्यात तळाशी उकडलेल्या शेवया, वर नारळाच्या दुधाची पिवळी कढी, तिला दाटपणा यावा म्हणून बेसन, मग मांसाचा किंवा कोंबडीचा रस्सा, आणि शेवटी वरचा सरंजाम: तळलेल्या लसणाच्या चकत्या, लसूण-मिरचीचं तेल, लिंबू, चुरलेले वेफर आणि शेव. शेव ही गुजरातची भर. रंगूनचा माणूस शेव पाहून बुचकळ्यात पडेल. शहरात आता मांस काढून भाज्या घातलेला खावसा जागोजागी मिळतो. शाकाहारी सुरती आवडीने खातात, आणि त्यांतल्या अनेकांना तो ब्रह्मदेशातून आला याची कल्पनाही नसते.

रांदेरचाच दुसरा पदार्थ म्हणजे आलुपुरी. तळहातावर चार मावतील एवढ्या पुऱ्या, त्यांवर बटाटा आणि पांढऱ्या वाटाण्याचा रस्सा, कोकमाची चटणी, कांदा, शेव. कोकमाचा आंबटपणा कोकणातल्या माणसाला लगेच ओळखू येईल. पाणीपुरीच्या मानाने ही स्वस्त आणि पोटभरीची, त्यामुळे रांदेरातून ती केव्हाच पूल ओलांडून गेली. पर्वत पाटियाला संध्याकाळी शाळेच्या पोरांची गर्दी असते ती बहुधा याच गाड्यांवर.

बाहेरून न आलेला, अस्सल इथलाच म्हणावा असा पदार्थ म्हणजे लोचो. खमणाचं पीठ बिघडलं आणि कारागिराने ते तसंच विकलं, अशी त्याची दंतकथा आहे. खरी असो नसो, पदार्थ पाहिल्यावर पटते. भिजवलेली चण्याची डाळ वाटून, आंबवून, खमणापेक्षा सैल ठेवायची आणि वाफेच्या पेटीत थाळ्यांवर शिजवायची. त्याच्या वड्या पडत नाहीत. गिऱ्हाईक आलं की दुकानदार पेटीचा कप्पा ओढतो, वाफेत हात घालून उलथन्याने तो गोळा खरवडतो आणि पानावर थापटतो. मग त्यावर पळीभर तेल किंवा वितळलेलं लोणी, खास मसाला, हिरवी चटणी, बारीक कांदा, बारीक शेव. गरम असेपर्यंतच तो खाण्याजोगा; निवला की लांबी होते. त्यामुळे लोचो पार्सल नेण्यात अर्थ नाही, आणि तरी सुरती लोक नेतात.

रात्री अंड्याच्या गाड्या. तिथला घोटाळो बघण्यासारखा: मोठ्या तव्यावर लोणी, हिरवा लसूण, टोमॅटो, मसाला, त्यात उकडलेली अंडी किसून किंवा ठेचून, आणि सगळं एकजीव झालं की वर एक कच्चं अंडं फोडून अर्धवट सेट होऊ द्यायचं. बरोबर पाव. गुजरात म्हणजे शाकाहार हे समीकरण या गाड्यांपुढे टिकत नाही; सुरतेतल्या खत्री, राणा अशा कितीतरी समाजांत मांस-मासे-अंडी पूर्वापार चालतात.

थंडीत मात्र शहर पुन्हा शेताकडे वळतं. डिसेंबर ते फेब्रुवारीत मिळणारा पोंक म्हणजे आपला हुरडा. कोवळी कणसं निखाऱ्यात भाजून, झोडून दाणे काढायचे, इथपर्यंत सोलापूर-नगरचा माणूस मान डोलावेल. पुढे तो थबकेल, कारण सुरती माणूस हुरडा लिंबू-मिरीची शेव आणि साखरेच्या गोळ्यांबरोबर खातो, आणि उरलेल्याचे वडे तळतो. सुरतच्या दक्षिणेला वलसाडकडे महामार्गाच्या कडेला याच दिवसांत उंबाडियूचे स्टॉल लागतात: मडक्यात पापडी, रताळी, कंद, बटाटे पाल्यात दाबून भरायचे, मडकं उपडं घालून भोवती जाळ करायचा. ही सरळसरळ रायगडची पोपटी. तिथे भांबुर्डीचा पाला, इथे दुसरा. बाकी फरक थोडा. सुरतचं प्रसिद्ध ऊंधियू याच शेतातल्या मडक्याचं शहरी, तेलात न्हालेलं रूप मानतात. डुमसच्या किनाऱ्यावर जांभळ्या कंदाच्या चकत्या पिठात बुडवून, वर धणे-मिरी दाबून तळतात. तिथेच टोमॅटोच्या चकतीवर हिरवी चटणी लावून केलेली भजी मिळतात. तोंड पोळतं, पण थांबवत नाही.

आता मराठी खात्यात जमा काय? वडोद्याला गायकवाडांच्या राज्यात उसळ रुजली आणि तिची सेव-उसळ झाली. आज ती वडोद्याची ओळख आहे. सुरतेत तसं राजाश्रयाने काही झालं नाही, जे झालं ते गाडीवर झालं. वडापाव आला आणि बदलला. मुंबईत पाव कोरा, आत वडा आणि सुकी लाल चटणी. सुरतेत पाव आडवा कापून तव्यावर लोण्यात किंवा तेलात लाल मसाला घालून दोन्ही बाजूंनी परततात, वडा दाबून चपटा करतात, आणि हाताला तेल लागल्याशिवाय खाणं पुरं होत नाही. दादरच्या माणसाला हा भ्रष्टाचार वाटेल. पण ज्या पोरांचा जन्म गोडादऱ्यात झाला त्यांना कोरा पावच अर्धवट वाटतो, आणि त्यांचंही बरोबरच आहे.

शेवभाजीचं तसं झालेलं नाही. खानदेशी खानावळीत आणि घरात ती आहे, लग्नाच्या पंगतीत आहे, पण सुरती माणसाच्या हॉटेलच्या पाटीवर अजून नाही. एक कारण तिखट. दुसरं जास्त पटण्यासारखं आहे: तिच्यासारखी दिसणारी काठेवाडी भाजी आधीच प्रत्येक ढाब्यावर बसलेली आहे. कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत यांचीही तीच गत. काठेवाडी बाजरीचा रोटलो आणि रिंगणानो ओळो त्यांची वाट अडवून उभे आहेत. कोणता पदार्थ फोफावतो हे चवीइतकंच रिकाम्या जागेवर ठरतं. वडापावला जागा मोकळी मिळाली. श्रावणात कानबाईच्या रविवारी घरोघरी होणारे रोट तर बाहेर जाणारच नाहीत, कारण ते बाजारासाठी नाहीतच. भाऊबंदांत बसून खायचे.

उलट दिशेची वाहतूक मात्र जोरात आहे. कोजागिरीच्या रात्री मराठी घरांत मसाला दूध आटतं. सुरती लोकांचा सण दुसऱ्या दिवशी, चांदनी पडवो. त्या रात्री शहर घरातून बाहेर पडतं, डुमस रस्त्याच्या कडेला चटया अंथरून बसतं आणि घारी खातं: खवा, पिस्ता-बदाम, वर तुपाचा जाड थर, आणि गोडाने तोंड मिटू नये म्हणून बरोबर भुसू, म्हणजे तिखट फरसाण. १८५७-५८ च्या धामधुमीत तात्या टोप्यांच्या सैनिकांना बळ यावं म्हणून ती केली गेली, असं सांगतात. कागदोपत्री पुरावा कुणी दाखवत नाही, पण मराठी माणसाला घारीत आपला हिस्सा सांगायला ही कथा बरी पडते. एरवी हिस्सा असो नसो, पडव्याच्या दिवशी पर्वत पाटियाच्या मिठाईच्या दुकानांपुढे लागणाऱ्या रांगेत अहिराणी ऐकू येतेच. आदल्या रात्रीचं दूध झालेलंच असतं.